डावी बाजू

टर्नटेबल घरी आलं त्या संध्याकाळी मला धीर धरवला नाही. खोक्यातून काढलं, टेबलावर ठेवलं, प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारी थाळी, बसवलं, आणि मागून निघालेल्या दोन वायरी ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' लिहिलेल्या भोकांत खुपसल्या. हे असं जोडून चालत नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही जोडलं. अण्णांच्या रेकॉर्ड्स इतकी वर्षं माळ्यावर पडून होत्या, त्यातली हाताला लागली ती लावली. आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या डासासारखा. व्हॉल्यूम तीन चतुर्थांश फिरवला तेव्हा कुठे शब्द कळायला लागले. खालचा भराव पार गायब, आणि 'स', 'श', 'च' मात्र कानात टाचणीसारखे टोचत होते. लेक दाराशी येऊन उभी राहिली. तिने जन्मात रेकॉर्ड वाजताना ऐकली नव्हती. थोडा वेळ तिने ऐकून घेतलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बाबा, हे असंच वाजायचं का?"

"छे गं," मी म्हणालो. पटकन म्हणालो. मग कसं वाजायचं हे सांगायला तोंड उघडलं, आणि काही सुचेचना.

ती गेली अभ्यासाला. प्रश्न राहिला. पुढचे दोन महिने मी जी काही उठाठेव केली, ती वरवर फोनो प्रीॲम्प, म्हणजे टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधली डबी, बांधण्याची होती. खरं तर मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. अण्णांचा रेकॉर्ड प्लेयर म्हणजे एक पेटी. झाकणातच स्पीकर, एकच. पेटीला कप्पा नाही, वेगळा ॲम्प्लिफायर नाही, प्रीॲम्प हा शब्द घरात कुणी उच्चारलेला नाही. याचं कारण पुढे कळलं. कार्ट्रिज म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारा भाग; त्या पेट्यांत ते सिरॅमिक असायचं. स्फटिकासारखा एक तुकडा, त्यावर सुईचा ताण पडला की वीज तयार होते, आणि ती चांगली काही शे मिलिव्होल्ट असते. शिवाय त्याची प्रकृतीच अशी की रेकॉर्डवरचा सूर तो आपोआप बऱ्यापैकी सपाट करून देतो. त्याची किंमत मात्र रेकॉर्ड मोजते: सुई पाच-सहा ग्रॅमचा भार टाकून खाचेतून नांगर धरल्यासारखी जायची. आताचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालतं, रेकॉर्डला जपतं, आणि त्या बदल्यात हातावर टेकवतं चार-पाच मिलिव्होल्ट. म्हणजे कुजबुजतं. ती कुजबुज ऑक्सच्या भोकाला ऐकू येण्यासाठी मध्ये कुणीतरी दुभाष्या लागतो.

टर्नटेबल निवडताना मी जितका वेळ घालवला तितका घर निवडताना घालवला नसेल. डायरेक्ट ड्राइव्ह की बेल्ट, यावर माणसं ज्या तावातावाने भांडतात ते बघून करमणूक झाली, आणि नंतर मीही तसाच भांडायला लागलो तेव्हा थोडी लाज वाटली. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ सालचं यंत्र. त्याची मोटर प्लॅटरच्या खाली थेट, पट्टा नाही, काही नाही. पन्नास वर्षं जुने नग अजून वाजतात, त्यामुळे ते अजून महाग. मला मिळालं ते बेल्टवालं, कुणीतरी वापरून कंटाळलेलं. पट्टा ढिला पडून चघळलेल्या रबरासारखा झाला होता. त्यामुळे गाणं अर्ध्या सुराने खाली आणि लांब स्वरावर पाण्यातल्या सावलीसारखं हलायचं. नवा पट्टा घातला, बेअरिंगला दोन थेंब तेल दिलं, काम झालं. अनुभवाचा एकच सल्ला देतो, कुणी मागितला नसला तरी: वापरलेलं टर्नटेबल घेताना आधी प्लॅटर हाताने फिरवून बघा आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, बोटाने हळूच हलवून बघा. हात कुठे अडखळला किंवा खटखटला तर कितीही देखणं लाकूड असलं तरी नमस्कार करून निघा. लाकूड वाजत नाही.

कार्ट्रिजच्या बाबतीत मनात आधीपासून शुअर होतं, कारण तरुणपणी ज्यांच्या घरी 'खरी' सिस्टिम असायची त्यांच्याकडे ते नाव दिसायचं. चौकशी केली तर कळलं की त्यांनी २०१८ मध्येच कार्ट्रिज बनवणं बंद केलं. एखाद्या शाळासोबत्याचा पत्ता शोधत जावं आणि तो गेल्याचं शेजाऱ्याकडून कळावं, तसं झालं. मग दुसरं घेतलं, लंबगोल टोकाच्या सुईचं. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या जातीच्या कार्ट्रिजच्या वाटेला गेलो नाही. ती अजूनच हळू बोलतात, अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी, आणि बहुतेकांची सुई झिजली की घरच्या घरी बदलता येत नाही, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. सुई झिजतेच. हिरा असला तरी. पाचशे ते हजार तास, एवढंच तिचं आयुष्य. माझ्या चालीने ते बरंच पुरेल.

सुई बसवणं हे काम मात्र मला मनापासून आवडलं. चार रंगांच्या केसासारख्या तारा, त्यांना जोडायच्या इवल्या टोप्या, चिमट्याने धरून एकेक सरकवायची, श्वास रोखून. मग कागदी प्रोट्रॅक्टर प्लॅटरवर ठेवायचा. खाच कापणारं यंत्र सरळ रेषेत आत जातं आणि आपला टोनआर्म मात्र कंसात फिरतो, त्यामुळे सुई खाचेला अगदी बरोबर समांतर अशी दोनच ठिकाणी असते, केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर. बाकी सगळीकडे थोडी तिरकी. ती दोन ठिकाणं जुळवायची आणि मधल्या तिरकेपणाशी जमवून घ्यायचं. भिंगातून सुई बघत एक अख्खी दुपार गेली. स्क्रू आवळताना कार्ट्रिज केसभर फिरायचं, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चिमुकल्या काट्यावर सुई टेकवली आणि १.८ ग्रॅम दिसलं, तेव्हा मी एकटाच खोलीत 'हां' म्हणालो.

आता उरला दुभाष्या. तयार डबीही मिळते, चांगली मिळते. माझ्या मित्राने सांगूनही बघितलं: "अरे, विकत घे आणि ऐक." त्याचं बरोबर होतं. पण मला ती गोष्ट माझ्याच हातांनी घडवायची होती. कॉलेजात असताना मी एक रेडिओ बांधला होता, तो फक्त खरखरायचा. ते ऋणही होतंच. आणि प्रीॲम्पमध्ये नुसता आवाज मोठा करायचा नसतो, हे वाचल्यापासून मी त्यात गुंतत गेलो होतो. रेकॉर्ड कापताना मूळ सूर जसाच्या तसा कापतच नाहीत. खालचे सूर दाबतात, कारण ते पूर्ण ताकदीने कापले तर खाच इतकी हेलकावेल की शेजारच्या खाचेत जाऊन पडेल. आणि वरचे सूर मुद्दाम फुगवतात. वाजवताना याच्या नेमकं उलट करायचं: खालचे उचलायचे, वरचे दाबायचे. वरचे दाबले की त्यांच्यासोबत प्लॅस्टिकवर घासणाऱ्या सुईची सळसळही दबते. हिशेब चोख आहे. एलपी १९४८ मध्ये आली तेव्हा प्रत्येक कंपनीचा हा हिशेब वेगळा होता, १९५४ च्या सुमारास सगळे एका वक्रावर आले, आणि तो अमेरिकन संस्थेच्या आद्याक्षरांनी 'आरआयएए' म्हणून ओळखला जाऊ लागला. सगळा वक्र तीन आकड्यांत मावतो: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. २० हर्ट्झ आणि २० हजार हर्ट्झ यांच्यात जवळजवळ ४० डेसिबलचा फरक, म्हणजे शंभर पट. त्या संध्याकाळी लेकीने जे ऐकलं ते हे उलटं न केलेलं गाणं होतं. आत-बाहेर उलटा घातलेला सदरा.

हे तीन आकडे हातात धरता येतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. ७५ मायक्रोसेकंद म्हणजे ७५० ओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. गुणाकार करा, ७५ येतात. बस्स. एका पायाला तांदळाएवढा रेझिस्टर आणि दुसरीकडे लाल चौकोनी गोळीसारखा कपॅसिटर, यांच्यामधून जाताना गाण्याचा वरचा भाग शहाणा होतो. मी एनई५५३२ ही आयसी वापरली. आठ पायांचा काळा किडा, सत्तरच्या दशकापासून आवाजाच्या असंख्य यंत्रांत राबलेला. याहून शांत आणि महाग आयसी आहेत, आणि त्या बदलून 'पडदा बाजूला झाला' म्हणणारी माणसंही आहेत. असेल. माझ्या कानांवरचा पडदा वयाने आलेला आहे, तो आयसी बदलून हलणार नाही. त्यापेक्षा मी कपॅसिटरांवर मेहनत घेतली. डब्यावर १०० लिहिलेलं असलं तरी कुणी ९६ असतो, कुणी १०३. मूठभर आणले, मीटरवर एकेक मोजला, वहीत आकडे लिहिले, आणि डाव्या-उजव्यासाठी जुळ्या भावांसारख्या जोड्या लावल्या.

रात्री जेवणं झाली की मी बसायचो. सोल्डरचा तो तिखटगोड धूर, पिवळा टेबललॅम्प, आणि कथलाचा थेंब तापून चमकून एकदम पसरतो तो क्षण. थेंब मंद आणि दाणेदार दिसला तर जोड कच्चा. आरशासारखा दिसला की पक्का. हात पूर्वीसारखा स्थिर नाही, हे पहिल्याच रात्री कळलं. चष्मा कपाळावर ढकलून, नाक बोर्डाला टेकेल इतकं वाकून काम करायचं, तिकडून सौ. ची हाक, "मान धरेल." मान धरली.

मग आला घुमारा. सगळं जोडून, रेकॉर्ड न लावता नुसता व्हॉल्यूम वाढवला, तर खोलीत एखादा जाडा भुंगा शिरल्यासारखा आवाज. ही घुंघुं या छंदातल्या प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि तिचं कारण पुन्हा तोच वक्र. घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि ५० हर्ट्झला आपला प्रीॲम्प मधल्या सुरांच्या मानाने सात पट जास्त उचलतो. आपण खर्जासाठी दार उघडलेलं असतं, त्यातून मेन्स आत येते. मी आधी सगळे जोड पुन्हा तापवले. काही नाही. मग कान देऊन ऐकलं. नुसता गोल 'घूं' असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्राचा. धारदार 'गुर्र' असेल तर डायोडांच्या बाजूचा, १०० हर्ट्झचा. माझा गोल होता. ट्रान्सफॉर्मर हातात धरून डब्यापासून लांब नेला, आणि हात लांबेल तसा भुंगा दूर जाताना ऐकू आला! वितीवर आणला की परत. शेवटी ट्रान्सफॉर्मरला वेगळा डबा करून दिला, हातभर वायरीच्या टोकाला, वाळीत टाकल्यासारखा. उरलीसुरली घुंघुं टर्नटेबलची ती बारीक हिरवी अर्थची वायर डब्याच्या स्क्रूला आवळल्यावर गेली. ती वायर मी पहिल्या दिवशी कशाची तरी उरलेली समजून गुंडाळून ठेवली होती.

शनिवारी रात्री पहिल्यांदा खरोखर रेकॉर्ड लावली.

उजवा स्पीकर असा काही उघडला की मी मागे सरकलो. तबल्याची शाई ऐकू येत होती, गाणाऱ्याने श्वास घेतला तो ऐकू येत होता. आणि डावा? डाव्या स्पीकरवर कुणीतरी गोधडी टाकली होती. गाणं होतं, ठेकाही होता, पण शब्दांच्या कडा नाहीत. सगळं दबकं, उबदार, आतल्या आत. पहिली शंका कानाची आली. या वयात येतेच. मी खुर्ची उलटी करून बसलो, कान अदलाबदल केले. गोधडी स्पीकरवरच होती. मग कार्ट्रिज. टर्नटेबलकडून येणाऱ्या दोन वायरी प्रीॲम्पच्या तोंडाशी उलटसुलट केल्या: दोष उजवीकडे गेला असता तर कार्ट्रिजचा. नाही गेला. म्हणजे पाप माझंच, या डब्यातलं.

बंद करून डबा उघडायला हवा होता. मी उघडला नाही. उजव्या स्पीकरची वायर काढून टाकली आणि नुसता डावा ऐकत बसलो. छातीत काहीतरी हललं होतं आणि ते काय हे कळेना. मग दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कळलं. हाच तो आवाज. अण्णांची रेकॉर्ड अशीच वाजायची.

म्हणजे माझ्यासाठी. अण्णा दिवसा पेटीला हात लावत नसत, आणि आम्हाला लावू देत नसत. रात्री आम्ही मुलं आतल्या खोलीत झोपलो, दार लोटलं, की मग बाहेर झाकण उघडल्याचा आवाज यायचा, सुई टेकल्याची 'खर्र', आणि भिंतीतून झिरपत गाणं. भिंत काय करते? वरचे सूर अडवते, खालचे सोडते. मला शब्द कधीच धड कळायचे नाहीत; मी मनाचे घालायचो. लहानपणी मी ज्या गाण्यांवर वाढलो असं लोकांना सांगत आलो, ती सगळी मी पांघरुणातून, भिंतीपलीकडून, अर्ध्या झोपेत ऐकलेली होती. समोर बसून ऐकल्याची आठवण म्हणाल तर एक-दोनच. लेकीला काय सांगणार होतो मी? 'असं वाजायचं' म्हणायला, ते कसं वाजायचं हे अण्णांना माहीत होतं. मला त्यांच्या पाठीमागचा आवाज माहीत होता. आणि ते एकटे तिथे बसून काय ऐकत होते, कशासाठी, आम्हाला बाहेर का बोलावत नव्हते, हे विचारायचं राहूनच गेलं. रागही आला थोडा. अजून पूर्ण गेलेला नाही.

दोन दिवस मी डबा उघडला नाही. घरात कुणी विचारलं की "डावीकडे जरा गडबड आहे" एवढंच म्हणायचो. तिसऱ्या दिवशी उघडला, भिंग लावलं, मीटर टेकवला. जिथे ७५० ओहम हवे तिथे साडेसात हजार. एक टक्कावाल्या निळ्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात. ७५० चे जांभळा, हिरवा, काळा, काळा, तपकिरी. साडेसात हजारांचे जांभळा, हिरवा, काळा, तपकिरी, तपकिरी. एका पट्ट्याचा फरक, आणि पिवळ्या दिव्याखाली, निळ्या अंगावर, चष्मा कपाळावर असताना, तपकिरी आणि काळा वेगळा करून दाखवा. ७५ च्या जागी ७५० मायक्रोसेकंद झाले. वरचे सूर २१२२ हर्ट्झपासून उतरायचे ते २१२ पासूनच उतरायला लागले. माणसाचा गळा जिथे जेमतेम मोकळा होतो तिथूनच उतार. कुणी मुद्दाम भिंत बांधायची ठरवली असती तरी इतकी बेतात बांधली नसती. रेझिस्टर काढला, योग्य तो लावला. काढलेल्याचे पाय सोल्डरने जाडे झाले होते. तो मी फेकला नाही. सुईच्या रिकाम्या डबीत ठेवला.

आता दोन्ही बाजू नीट वाजतात. नीट म्हणजे इतक्या नीट, की अण्णांनी ज्या रेकॉर्ड्स जास्त वाजवल्या त्या कोणत्या हेही कळतं. पाच-सहा ग्रॅमच्या सुईने खाचांच्या भिंती घासून काढल्या आहेत. वरचा सूर आला की तो फाटतो, कापडासारखा. एलपीची एक बाजू उलगडली तर खाच जवळपास अर्धा किलोमीटर भरेल, आणि तेवढ्या वाटेत ते कुठे पुन्हा पुन्हा गेले याच्या खुणा आहेत. एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात, अंतऱ्याची एकच ओळ सगळ्यात जास्त झिजली आहे. बाकीचं गाणं बरं आहे. म्हणजे सुई उचलून तिथेच ठेवलेली, कितीदा कुणास ठाऊक. ती ओळ मी आता शब्दांसकट ऐकली. मी मनाचे घातलेले शब्द जास्त बरे होते, असं माझं मत आहे.

परवा रात्री तीच बाजू लावली आणि मी उठून आतल्या खोलीत गेलो. दार लोटून घेतलं, दिवा लावला नाही, पलंगावर आडवा झालो. भिंतीतून यायला लागलं. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"बाबा? दोन महिने ते सगळं केलंत आणि ऐकताय इथून?"

"हो."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत आली, दार पुन्हा लोटलं आणि पलंगाच्या कडेला बसली. बाहेर बाजू संपली. सुई शेवटच्या खाचेत अडकून फिरायला लागली, प्रत्येक फेरीला एक हलकी टक्. एक फेरी १.८ सेकंदांची, मोजायची गरज नव्हती, अंगात होती. उठून ती उचलायला हवी होती, सुईचे तास फुकट चालले होते.

"जाऊ का मी?" तिने विचारलं.

"जाशील. थांब जरा."